पासवर्डबाईंची तोंडी परीक्षा

माझ्या सुनेने कॉम्प्युटर सुरक्षेत एम.एस्सी. करायचं ठरवलं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. घरात त्याचा काही त्रास नाही ना होणार? "नाही हो आई, सगळं लॅपटॉपवरच असतं," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, कुठली मुलगी मोडलेली सुई लपवतेय ते मला वर्गाच्या दारातून कळायचं, आणि घरातल्या या बाईने मला सरळसरळ गुंडाळलं.

सुरुवातीलाच तिने आम्हा सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. माझा पासवर्ड म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव होतं. ते गेल्यापासून मी तोच ठेवला होता. "आई, हे कुणीही ओळखेल," ती म्हणाली. म्हटलं, ओळखू दे की, त्या माणसाजवळ लपवण्यासारखं होतं काय? पण ऐकेल तर शपथ. आता माझा पासवर्ड हे एक अख्खं वाक्य आहे आणि ते मला आठवत नाही. बहिणीने पाठवलेला फोटो बघायचा तर सून घरी येईपर्यंत थांबायचं. बरं, ती आल्यावर तिला विचारावं, तर म्हणते, "मला तुमचा पासवर्ड माहीत असता कामा नये." तिला माहीत असता कामा नये, मला आठवत नाही, मग हा फोन आहे तरी कुणाचा?

मग आला परवलीचा शब्द. मशीन आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं म्हणे. म्हणून घरातल्या माणसाने फोनवर काही मागितलं, तर आधी त्याने ठरलेला शब्द सांगायचा. शब्द मीच सुचवला होता, धावदोरा. माझा मुलगा वीजकाम करतो, दिवसभर शिडीवर असतो. एका दुपारी त्याचा फोन आला. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर अडकलोय, दार आतून कुणीतरी लावून घेतलंय, फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मालकाचा नंबर आहे तो सांग. मी म्हटलं, शब्द सांग.

"कसला शब्द? आई, इथे भाजून निघतोय मी!"

"भाजणारा कुणीही असू शकतो. शब्द सांग."

त्याने काज सांगून पाहिलं, उसवण सांगून पाहिली, बिचारा टाचणीपर्यंत आला, पण धावदोरा काही त्याच्या तोंडून निघेना. मी फोन ठेवला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नाकाची सालं निघालेली होती, आणि त्याने माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाव काढलं नाही. सून मात्र मनापासून खूश झाली. नवरा उन्हात वाळत पडला होता याचं तिला काही नाही, सासूने नियम पाळला याचं केवढं कौतुक!

तर अशी ही बाई. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, केसांचा कसाबसा बांधलेला अंबाडा आणि त्यात विसरून खोचलेलं पेन. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिथे ती नाव-पत्ते टाइप करायला लागली होती, बाकी सगळं काम करता करता शिकली. कुणाचा छापखाना अडला, म्हणजे प्रिंटर हो, की हिला हाक. कुणाची स्क्रीन काळी झाली की हिला हाक. ती जाते, बिघाड दुरुस्त करते, आणि जाता जाता "हा पासवर्ड असा चिठ्ठीवर लिहून चिकटवू नका हं," असं सांगून येते. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगते. त्यावरून तिचं नाव पडलं पासवर्डबाई. तिला ते आवडत नाही. मला आवडतं, म्हणून मीही कधीकधी म्हणते.

या वयात शिकायचं खूळ तिच्या डोक्यात कशाने शिरलं, ते सांगायला हवं. रुग्णालयात एक भयंकर प्रकार झाला होता. नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या एका मुलीला मोठ्या साहेबांच्या नावाने मेसेज आला. सोबतची फाइल ताबडतोब उघडा, आधीच उशीर झालाय, तुमच्यामुळे काम अडलंय. मुलीला शंका आली होती. पण साहेब आधीच चिडलेले, त्यांना उलट विचारायचं कसं? समोर पेशंटची रांग. तिने फाइल उघडली. साहेबांचा त्या मेसेजशी काही संबंध नव्हता. बघता बघता रुग्णालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं आणि किल्लीच्या बदल्यात खंडणी मागायला लागलं. ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. तपासण्यांचे रिपोर्ट लोक हाताने लिहून जिन्यावरून पळवत होते. माझी सून आणि तिचे दोघे सहकारी तिथेच मुक्कामाला होते, आणि त्यांनी जुन्या प्रतींवरून एकेक विभाग पुन्हा उभा केला.

सगळं सुरळीत झाल्यावर साहेबांनी काय केलं? त्या काउंटरवालीला कामावरून काढलं. चौकशी नाही, काही नाही. क्लिक तू केलंस ना, मग चालती हो. माझी सून भांडायला गेली, तर तिला म्हणाले, "तुमच्याकडे या विषयातली पदवी आहे का? मग बोलू नका."

त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. आणि पुढच्या सत्रात तिने प्रवेश घेतला.

काउंटरवाली हल्ली एका छपाईच्या दुकानात बसते. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे येते, माझ्याकडून ब्लाउज बेतायला शिकते आणि सुनेला अभ्यासात मदत करते. मदत म्हणजे कशी, तेही ऐका. सुनेच्या प्रबंधाचा विषय होता, माणसं फसव्या मेसेजला बळी का पडतात. त्यासाठी रुग्णालयातल्याच लोकांना खोटे फसवे मेसेज पाठवायचे आणि कोण गळाला लागतो ते मोजायचं. पण हे मनाला येईल तसं करता येत नाही. फसवण्याआधी परवानगी घ्यावी लागते. विद्यापीठाची समिती म्हणे, ज्यांना फसवणार त्यांना आधी तारीख कळवा. ही म्हणे, तारीख कळवली तर फसेल कोण? समिती म्हणे, मग परवानगी नाही. हा खेळ चालू राहिला आणि तोवर माझ्या ओट्यावर, पलंगावर, शिवणाच्या मशीनवर नुसते परवानगीचे कागद. एकदा मी त्यातल्याच एका कागदावर बाही बेतली. केवढा तमाशा केला तिने!

शेवटी परवानगी मिळाली. मेसेजचा मजकूर या दोघी मिळून लिहायच्या. सून लिहायची ते वाचून काउंटरवाली मान हलवायची. "ताई, याला कुणी भुलणार नाही. यात भीती कुठाय? 'कृपया' कशाला? साहेब लोक कधी कृपया म्हणतात का?" आणि मग ती असा काही मजकूर सांगायची की मशीन चालवता चालवता माझेही पाय थांबायचे. तिच्यामुळे मला ते नीट कळलं. आधी घाई करायची, मग धाक घालायचा, आणि शेवटी गोडीत येऊन म्हणायचं, एवढंसंच तर काम आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की हात आपोआप पुढे जातो.

सुनेच्या मार्गदर्शकांना मी बघूया सर म्हणते. माणूस विद्वान असेल, वाईट तर नक्कीच नाही, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच. प्रकरण तपासलंत का सर? बघूया. परीक्षा कधी सर? बघूया. एकदा ते आमच्याकडे आले होते, मी विचारलं चहा घेणार का, तर म्हणाले बघूया. मी केलाच नाही.

दरम्यान रुग्णालयात सुरक्षाप्रमुखाची नवी जागा निघाली. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की काम सगळं तुम्हीच करता, जागा तुम्हालाच द्यायची आहे, पण पदवी लागेल, आणि ती या सत्राच्या आत. नाहीतर बाहेरून माणूस आणू. प्रबंध देऊन झाला होता. राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. सुनेने त्या जागेवर बसून काढायचा पहिला नियमसुद्धा ठरवून ठेवला होता. जो कुणी फसेल आणि लगेच येऊन सांगेल, त्याची नोकरी जाणार नाही. हे तिने मला सांगितलं आणि काउंटरवालीलाही सांगितलं. काउंटरवालीने तेव्हा नुसतं डोळ्यांना पदर लावला आणि काजं करायला घेतली.

आणि मग तो मेसेज आला.

सून ओट्याशी उभी राहून वाचत होती. प्रिय विद्यार्थी, आपल्या तोंडी परीक्षेची तारीख बदलली आहे. खालील लिंकवर आजच क्लिक करून हजेरी निश्चित करा, अन्यथा नोंदणी रद्द होईल. पाठवणाऱ्याचा पत्ता विद्यापीठाचा नव्हता, कुठल्यातरी भलत्याच कंपनीचा होता. खाली ना सही, ना कुणाचं नाव.

"अगदी पुस्तकात छापावा असा आहे!" ती म्हणाली. चेहऱ्यावर नुसता आनंद. मी शिकवत असताना एखादीने सरळ टीप मारली की मला व्हायचा तसा.

तरी तिने काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिने विभागात फोन लावला. रिंग वाजते आहे, वाजते आहे, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. मी तिथेच होते, मी ऐकलंय. मग तिने बघूया सरांना लिहून विचारलं, हा मेसेज खरा आहे का? सरांचं उत्तर काय आलं असेल ते मी सांगायला नको. मग फसवे मेसेज कळवायला विद्यापीठाने जी खास व्यवस्था केलीय तिथे तिने तो कळवला. तिथून ताबडतोब उत्तर आलं की आपल्या जागरूकतेबद्दल आभारी आहोत. झालं. तिने तो मेसेज पुसून टाकला, पण त्याआधी त्याचा फोटो काढून आपल्या परीक्षेच्या सादरीकरणात नमुना म्हणून लावला.

त्यानंतर एका सकाळी घरच्या फोनवर एक माणूस बोलला. मी विभागातून बोलतोय म्हणाला. तुमच्या सूनबाई लिंक उघडत नाहीयेत, त्यांना सांगा आज शेवटची मुदत आहे. मी म्हटलं, ती कामावर आहे. तर म्हणतो, "मग तुम्हीच करून टाका आजी, एका मिनिटाचं काम आहे. तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा मला वाचून दाखवा."

नंबर वाचून दाखवा! अहो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याची जी काही हजेरी घेतली! आईबापांनी हेच शिकवलं का, म्हातारीला लुबाडून किती दिवस जगशील, पोलिसांत देईन, सगळं सगळं ऐकवलं. तो मध्ये मध्ये "अहो आजी, ऐका तरी" करत होता. मी ऐकलं नाही. संध्याकाळी सुनेला सांगितलं, तर तिने मला चक्क मिठी मारली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

जुन्या तारखेला ती इस्त्रीची साडी नेसून विद्यापीठात गेली. परीक्षेच्या खोलीला कुलूप होतं. बाहेरच्या फळ्यावर निकाल लागलेला, आणि तिच्या नावापुढे गैरहजर. तो मेसेज खरा होता, परीक्षा आधीच होऊन गेली होती. विभागाने परीक्षांचं काम एका कंपनीला दिलं होतं, त्या कंपनीने मेसेज पाठवला होता, आणि हे विद्यार्थ्यांना आधी सांगायचं कुणाला सुचलंच नाही. बाकीच्यांनी काय केलं? क्लिक केलं! कॉम्प्युटर सुरक्षेची पदवी घ्यायला निघालेल्या पोरांनी अनोळखी पत्त्यावरून आलेली लिंक डोळे मिटून उघडली, आणि ती सगळी पास झाली. जिने शिकवलेलं पाळलं तेवढी एकटी नापास. विभागातल्या कारकुनाने हिला पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही का त्या? तुमच्या घरी एक म्हातारी आहे, ती फार वाईट बोलते."

मला हे कळलं तेव्हा आधी त्या कारकुनाचा राग आला, मग विभागाचा, मग बघूया सरांचा. सरांनी तरी "होय, खरा आहे" एवढे तीन शब्द लिहायचे होते. आणि मग सुनेचाच राग आला. कारण विद्यापीठातल्या विभागप्रमुख बाईंनी वाट काढून दिली होती आणि ही ती घ्यायला तयार नव्हती.

वाट अशी होती. विद्यापीठाने खास बाब म्हणून पुन्हा परीक्षा घ्यायची, तर कागदोपत्री कारण लागतं. म्हणून हिने लेखी द्यायचं की विभागाच्या अधिकृत सूचनेकडे मी दुर्लक्ष केलं, माझ्या निष्काळजीपणामुळे परीक्षा चुकली, त्याबद्दल माफी असावी. मजकूर तयार होता, हिने फक्त सही करायची.

"मी दुर्लक्ष केलं नाही," सून म्हणाली.

"अगं, नाही केलंस, माहितेय मला. पण कागदावर केलं म्हण आणि मोकळी हो."

"आई, तिने क्लिक केलं म्हणून तिला काढली. मी क्लिक केलं नाही म्हणून मी निष्काळजी. मग माणसाने करायचं तरी काय? उद्या मी रुग्णालयात कुठल्या तोंडाने सांगू, की शंका आली तर थांबा? थांबल्याबद्दल माफी मागून बसलेली बाई मी!"

"जागा मिळाली तर सांगशील ना! जागाच गेली तर तुझं ऐकणार कोण?"

असं आमचं रोज चाललं होतं. मी चिडून बोलायची, ती न बोलता चिडायची, आणि माझा मुलगा ताट घेऊन गॅलरीत जायचा. मला तिच्या शिकण्याचा वैताग होता, अजून आहे, पण इतकी वर्षं त्या रुग्णालयात राबून जागा भलत्याच कुणाला जावी, हे मला सहन होत नव्हतं. शेवटी काउंटरवालीच आली आणि म्हणाली, "ताई, सही करा. माझ्यासाठी अडून बसू नका. माझं जे व्हायचं ते झालं."

त्यावर सून हरली. बराच वेळ ती टेबलावरचे धाग्याचे तुकडे बोटाने गोळा करत बसली आणि मग म्हणाली, "ठीक आहे. करते."

विभागप्रमुख बाईंनी मलाही बोलावलं होतं. घरी फोन आला होता हे मी सांगितलं की कागद पक्का होतो म्हणे. आम्ही दोघी बसने गेलो. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, प्रत्येक दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. खोलीत विभागप्रमुख बाई होत्या, कोपऱ्यात बघूया सर नखं बघत बसले होते. बाई बोलायला फार गोड. आम्हाला पाणी दिलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. कागद पुढे सरकवला. सुनेने अंबाड्यातून पेन काढलं आणि वाचायला लागली. ती काहीही वाचते तेव्हा पहिल्यापासून वाचते.

"वाचण्यासारखं काही नाही हो त्यात," बाई म्हणाल्या. "आधीच उशीर झालाय. यादी आज वर जाते. आज सही झाली नाही तर तुमची नोंदणीच रद्द होईल, मग मलाही काही करता येणार नाही."

सून वाचतच होती. बाई माझ्याकडे वळल्या.

"आजी, तुम्ही सांगा ना यांना. एवढीशी सही तर आहे. एका मिनिटाचं काम."

मी तोंड उघडलं होतं. कर गं बाई सही, हेच म्हणणार होते. त्याच तर कामासाठी मी गुडघे मोडत आले होते. पण ते शब्द कानावर पडले आणि मला एकदम शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखं वाटलं, समोर त्या दोघी मजकूर जुळवताहेत. उशीर झालाय. आज नाही तर रद्द. एवढंसंच तर काम. काउंटरवालीने सांगितलेल्या तिन्हीच्या तिन्ही गोष्टी इथे होत्या, आणि सुनेचा हात कागदाकडे जात होता.

मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आम्ही घरी जाऊन विचार करतो आणि सांगतो," मी म्हटलं.

"अहो आजी, आजच्या आज..."

"म्हणूनच. ज्याला आजच्या आज सही हवी असते त्याला आम्ही आज सही देत नाही. आमच्या घरात तसा नियम आहे. तुमच्याच विभागात शिकवलाय तिला." मग मी कोपऱ्याकडे बघितलं. "काय हो सर, शिकवलाय ना?"

बघूया सरांनी मान वर केली. विभागप्रमुखांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "शिकवलाय," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पुन्हा नखं बघायला लागले. तरी त्यांच्या मानाने ते पुष्कळच झालं.

बोळात आल्यावर सून बाकावर मटकन बसली. "आई, हे काय केलंत? मी करत होते ना सही! तुम्हीच रोज माझ्या मागे लागला होतात ना?"

खोलीत आलेलं अवसान दाराबाहेर येताच गळून गेलं, आणि मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या हाताने मी हिची जागा घालवली. परत आत जाऊया का, असंही मी विचारलं. ती नाही म्हणाली. रडत होती, पण नाहीच म्हणाली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढचं सांगून टाकते. यादी तिच्याशिवाय वर गेली. रुग्णालयाने बाहेरून एक तरुण माणूस आणला, सुरक्षाप्रमुखाच्या खुर्चीत तो बसतो आणि अडलं की हिला हाक मारतो. तिने पुढच्या सत्रात नव्याने नाव नोंदवून परीक्षा दिली, माफीचा कागद न देता दिली, आणि पास झाली. पदवी आली तेव्हा खुर्ची गेलेली होती. तिचा तो पहिला नियम अजून कुठे लागू झालेला नाही. नव्या माणसाला तिने दोनदा लिहून दिलाय, तो म्हणतो वर विचारतो. माझ्या जिवाची अजून तगमग होते. ती सही झाली असती तर आज नियम झाला असता, आणि कुणातरी पोरीची नोकरी वाचली असती, हेही खरंच आहे. मी बरोबर केलं की चूक, हे मला कुणी विचारू नये.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही घरी आलो तेव्हा काउंटरवाली येऊन बसली होती. परीक्षेची नवी तारीख कळेल म्हणून दुकानातून लवकर निघून आली होती. सून चप्पल काढून सरळ टेबलाशी जाऊन बसली. मग मीच सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मी पेन कसं काढून घेतलं, आणि आता जागा गेली ते. सांगताना मला वाटत होतं, आता ही पोरगी रडेल, नाहीतर मला बोलेल. दोन्हीचा तिला हक्क होता.

ती उठून माझ्याजवळ आली.

"आजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही काउंटरवर माझ्या शेजारी असायला हव्या होतात."

सून अजून रागावलेली होती, तिचे डोळे सुजलेले होते. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली, आणि आम्ही तिघी तशाच बसून राहिलो.